जागा न सोडता

फॉर्मवर चौदावा रकाना होता, आवडीनिवडींचा. वृद्धाश्रमातला ओचिआई नावाचा तरुण पेन उघडून बसला होता. आईने काही बोलायच्या आधीच मी म्हणून टाकलं, "समुद्र. आईला समुद्र फार आवडतो. आम्ही लहानपणी दर उन्हाळ्यात शिराहामाला जायचो, सलग चौदा वर्षं." सांगताना मला जरा अभिमानच वाटला. आमच्या चाळीसारख्या इमारतीत दर वर्षी समुद्रावर जाणारं दुसरं घर नव्हतं. ओचिआईने 'समुद्र' असं लिहिलं आणि त्यांना शिकवलेलं असतं तसं, खुर्ची सोडून आईच्या समोर गुडघ्यांवर बसून, मोठ्या आवाजात विचारलं, "अरे वा, आजी! समुद्रावर काय करायचात मग? पोहायचात?" आईने थोडा विचार केला. हल्ली तिला विचार करायला वेळ लागतो, पण ती तो घेते, उगाच काहीतरी ठोकून देत नाही. "सामान राखायचे," ती म्हणाली. ओचिआई हसला, शेजारच्या टेबलावरची बाई हसली, आणि सगळ्यांत जास्त मी हसले. सगळे हसतायत म्हणून आईही थोडीशी हसली. पुढचा रकाना पथ्याचा होता.

ते हसू मला घरी आल्यावर बाधलं. तांदूळ धूत होते, पाणी पांढरं होऊन ओघळत होतं, आणि मी एकदम थांबले. आई खोटं बोलली नव्हती. चौदा उन्हाळे, आणि आई पाण्यात असल्याचं एकही चित्र मला आठवेना. बाबा आठवत होते, काळी पोहायची टोपी घातलेले, पोट आत ओढून उभे. तेत्सुया आठवत होता, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, नाकात पाणी गेलं की सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं शिंकणारा. आई म्हटलं की निळी चटई, छत्रीची सावली, आणि टोकाला नीट जुळवून ठेवलेल्या चपलांचे चार जोड. मी आल्बम काढला. फोटोत आम्ही तिघं होतो, पाण्यात, लहान लहान, बोटाच्या पेराएवढे, आणि दर वर्षी अगदी तेवढेच लांब. ते फोटो कोणी काढले, कुठे बसून काढले, हा प्रश्न छपन्न वर्षांच्या बाईला त्या दिवशी पहिल्यांदा पडला. दिवसभर मी एका टपाली विक्रीच्या कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते. चादरीचा रंग चित्रातल्यासारखा नाही, कढईचं झाकण बसत नाही. समोरच्याच्या आवाजावरून त्याला नेमकं काय खुपतंय ते मला ओळखता येतं अशी माझी ख्याती आहे. घरात मात्र सगळा आनंदच होता.

बाबा रेल्वेत होते. गाड्यांची वेळापत्रकं आखणाऱ्या खात्यात, रुंद कागदावर तिरप्या रेघा ओढत त्यांचं आयुष्य गेलं. वर्षाला त्यांना उन्हाळ्याची तीन दिवस सुट्टी मिळायची, त्यातला एक दिवस पूर्वजांच्या थडग्यांसाठी, उरलेले दोन समुद्राचे. "दोन दिवसांचं सोनं करायचं," ते म्हणायचे, आणि जुलै लागला की रात्रीच्या जेवणानंतर सहलीची वही तयार करायला बसायचे. तशा वह्या शाळेच्या सहलीला सगळेच करतात, पण बाबांच्या वहीत मिनिटं असायची. डावीकडे वेळ, वर चार रकाने, बाबा, आई, मुत्सुमी, तेत्सुया. दहा पंधरा ते अकरा पाच, पाणी. अकरा पाच ते अकरा वीस, कलिंगड. मग परत पाणी. बारा वाजता भाताचे गोळे, प्रत्येकी तीन, आंबट आलुबुखाराचा आधी खायचा म्हणजे मीठ भरून निघतं. छत्रीची सावली कितीला कुठे सरकेल त्याचं चित्र. पाऊस आल्यास काय, त्याचं वेगळं पान. शेवटी 'मोकळा वेळ, वीस मिनिटं' असंही असायचं. त्या वीस मिनिटांत बाबा हात मागे बांधून नुसते उभे राहायचे, त्यांना त्या वेळाचं काय करायचं ते कळायचं नाही. मी त्यांची थट्टा करते, पण मला ते आवडायचे. लाटेत शिरताना ते माझा हात इतका घट्ट धरायचे की बोटांवर वळ उठायचे, आणि पाण्यात ते चक्क हसायचे, घरी न ऐकलेलं हसू. त्यांच्या रकान्यात पाणी होतं, माझ्या रकान्यात पाणी होतं, तेत्सुयाच्या रकान्यात पाणी होतं. आईच्या रकान्यात काय होतं ते मला पाठ असायला हवं होतं, कारण वही दर वर्षी मोठ्याने वाचायचं काम माझंच होतं.

रविवारी आईच्या कपाटातून त्या वह्या निघाल्या. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, क्रमाने, चौदा. मुखपृष्ठावर तेत्सुयाने काढलेले खेकडे वर्षागणिक सुधारत गेलेले. आईच्या रकान्यात पहिल्या वहीपासून एकच शब्द होता, सामान. दहा पंधराला सामान, अकरा वीसला सामान. अकरा पाचला कलिंगड कापणे. मी एकेक उघडत गेले, आणि मी बारा वर्षांची होते त्या उन्हाळ्याच्या वहीपाशी माझा हात थांबला. तिथे लिहिलं होतं, 'सामान (जागा न सोडता)'. कंस जरा घाईने काढलेला होता, पण अक्षर बाबांचंच, सुबक, उभं. तिथून पुढे शेवटच्या वहीपर्यंत तो कंस तसाच होता. आणि मला तो कुठून आला ते आठवलं. आठवलं म्हणजे तरी काय, ते कुठे गेलंच नव्हतं. दाराआड उभा राहिलेला पाहुणा जसा हाक मारल्यावर लगेच पुढे येतो, तसं ते आलं.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी अकरा वर्षांची. शिंपल्याने तळपाय कापला म्हणून वेळेच्या आधीच पाण्यातून बाहेर आले. थंडी वाजत होती, दात कडकड वाजत होते, आणि चटईवर आई नव्हती. चार पिशव्या होत्या, कलिंगड होतं, छत्री होती. आईच्या चपलांमध्ये तिचे पांढरे मोजे घडी करून ठेवलेले होते. मी वळून पाहिलं तर ती पाण्याच्या कडेला उभी. घागरा दोन्ही हातांनी गुडघ्यांपर्यंत धरलेला, माझ्याकडे पाठ. लाट आली की ती मागे सरायची, लाट गेली की पुढे, आणि तिचे खांदे हलत होते. ती हसत होती, एकटीच. मला हाक मारता आली असती. वीस पावलं होती. पण ती पाठ माझ्या ओळखीची नव्हती. ती कुणाची आई असल्यासारखी दिसत नव्हती, आणि मला अशी काही भीती वाटली की मी तशीच लंगडत बाबांकडे गेले आणि म्हणाले, "आई सामानाजवळ नाहीये." बाबा चिडले नाहीत. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि किनाऱ्याकडे चालायला लागले. त्यांना येताना पाहून आईने घागरा सोडला, तो ओला झाला, आणि ती धावत आली, "माफ करा हं, माफ करा, आत्ताच गेले होते." काहीही हरवलं नव्हतं. कुणी काही बोललं नाही. अकरा पाचला कलिंगड कापलं गेलं. एवढंच. एवढ्याशा गोष्टीतून तो कंस आला, आणि ती तक्रार माझी होती.

मी तेत्सुयाला नागोयाला फोन केला. गुरुवारी आईला शिराहामाला नेते म्हटलं. "अगं ताई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ब्याऐंशी वर्षांची बाई, ऑगस्टचं ऊन. शनिवारी तिला आश्रमात सोडायचंय."

"म्हणूनच."

"पितरांचा ओबोनही उलटून गेलाय. पाण्यात नुसते जेलीफिश असतील."

"पोहायला नाही नेत. पाय बुडवायला."

"आणि आईला कधी आवडायचं गं पाणी? ती तर कडेलाच बसायची. तिथेच तिला बरं वाटायचं." त्याच्या आवाजात खोट नव्हती. मीही परवापर्यंत हेच म्हटलं असतं. वहीतल्या कंसाचं मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, हे म्हणजे वरातीमागून घोडं. खरंच होतं ते, पण घोडं उशिरा आलं म्हणून त्याला परत पाठवायचं का?

माझा बेत सोपा होता, आणि मला तो फार हुशारीचा वाटत होता. सामानच न्यायचं नाही. पिशवी नाही, डबा नाही, चटई नाही, छत्रीसुद्धा तिथे भाड्याने घ्यायची. राखायला काही उरलंच नाही तर ती उठेल, पाण्याकडे जाईल, घागरा धरेल, आणि मी या वेळी कुणाला काही सांगणार नाही. शिमोदाला उतरल्यावर तिची ती छोटी कापडी पिशवीही मी स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाकली. तिच्यात तिचा रुमाल, औषधं आणि टॉवेल होता. किल्ली माझ्या खिशात.

गाडीत तिने मला पाच वेळा विचारलं होतं, कुठे चाललोय. समुद्रावर म्हटलं की ती खिडकीतून बाहेर बघायची. इतो स्टेशनच्या पुढे रुळाला लागूनच समुद्र दिसतो, बोगदा, समुद्र, बोगदा, समुद्र, आणि प्रत्येक वेळी तो नव्याने आल्यासारखी ती मान पुढे काढायची.

"किती जण आहोत?" तिने विचारलं.

"दोघीच."

"आणि सामान?"

"नाहीच आणलं."

ती माझ्याकडे असं बघायला लागली जसं मी घराला कुलूप न लावता निघाले असं सांगितलंय. मग मांडीवरचे हात एकमेकांवर ठेवून बसली. तिचे हात रिकामे बघायची मला सवय नव्हती, ते मला म्हाताऱ्या बाईचे वाटले.

शिराहामा तसंच होतं, म्हणजे मला ओळखू येण्याइतकं. खडकावरची लाल कमान, पांढरी वाळू, पाण्याचा डोळ्यांत न मावणारा निळा रंग. आमच्या वेळी होती तशी बर्फाचा गोळा विकणारी लाकडी दुकानं आता कमी, पण होती. सीझनचे शेवटचे दिवस म्हणून लोक जिवाच्या आकांताने मजा करत होते. कुणी तव्यावरच्या शेवया खात होतं, कुणी रबराच्या मगरीत हवा भरत होतं, कुणी फोन समोर धरून एकच उडी दहा वेळा मारत होतं. सगळ्यांना दोन दिवसांचं सोनं करायचं होतं. मला बाबांची आठवण आली, आणि राग आला, आणि पुन्हा नुसती आठवणच आली. तीन वर्षांपूर्वी इस्पितळात शेवटी शेवटी ते मला विचारायचे, "सगळं वेळेवर आहे ना?" आणि मी आहे म्हणायचे.

छत्रीखाली आईला बसवलं. भाड्याने छत्री देणाऱ्या बाईने एक प्लास्टिकची खुर्ची दिली. "आजींना चटईवर बसून उठायला त्रास होईल," ती म्हणाली. "लेक का? नशीबवान हो आजी तुम्ही. माझी लेक मला शेजारच्या गल्लीतही नेत नाही." आई कसनुशी हसली. तिला खुर्ची आवडली नव्हती. ती खुर्चीच्या टोकावर बसून उजवीकडे, डावीकडे, खाली वाळूत बघत होती, आणि मला माहीत होतं ती काय शोधतेय. "मोजे काढूया का?" मी विचारलं. "नंतर," ती म्हणाली. मी दोनदा विचारलं, तिने दोनदा नंतर म्हटलं. मग मला वाटलं जरा बर्फाचा गोळा खाऊ, गार वाटेल, बोलू, मग होईल. "इथेच बस हं आई. हलू नकोस," असं म्हणून मी उठले. दुकानापाशी रांग होती. रांगेत उभी असताना माझं मलाच ऐकू आलं मी काय म्हणाले ते.

परत आले तर खुर्ची रिकामी. हिरव्या रंगाचे दोन गोळे माझ्या हातात वितळत होते, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ. मी आधी पाण्याकडे पाहिलं. मान्य करते, भीतीच्या आधी क्षणभर मला आनंद झाला, वाटलं गेली, स्वतःहून गेली. कडेला एक एक पाठ मी तपासली. राखाडी केसांची, निळ्या कुडत्याची, बुटकी. नव्हती. गोळे वाळूत टाकले, उंच मचाणावरच्या जीवरक्षकाला ओरडून सांगितलं, त्याने दुर्बीण लावली. छत्रीवाली बाईही माझ्याबरोबर हाका मारायला लागली, "आजी! ओ आजी!" पाणी, दुकानं, स्वच्छतागृह. आणि मी हाका मारत मागे वळले तर ती आमच्या छत्रीपासून तीसेक पावलांवर, परक्या कुणाच्या तरी निळ्या चटईवर, गुडघे दुमडून ताठ बसलेली. चार पिशव्या, एक बर्फाची पेटी, कॅमेरा, कुणाच्या तरी चाव्या. विस्कटलेल्या चपला तिने जोड्या लावून चटईच्या कडेला मांडल्या होत्या. मांडीवर एक पिवळा टॉवेल घडी उलगडून तयार धरलेला. जीवरक्षकाला मी हात करून सांगितलं, सापडली. आईचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा निवांत झाला होता.

"आई, चल, उठ. हे आपलं नाही."

"अजून आले नाहीत ते."

"कोण?"

"सगळे." तिने हनुवटीने पाण्याकडे दाखवलं. "असं टाकून कसं जायचं? कुणीच नव्हतं सामानाजवळ." तिच्या आवाजात जरा राग होता, त्या न दिसणाऱ्या कुटुंबाबद्दल. मी तिचा दंड धरला, तिने सोडवून घेतला. जोर होता हातात. मग मी हरले आणि चटईच्या बाहेर, वाळूतच, तिच्या शेजारी बसले. लोकांची चटई, तिच्यावर बसायचा मला धीर होईना. तिथून समुद्र कसा दिसतो ते मी पहिल्यांदा पाहिलं. पाण्यातली माणसं बोटाच्या पेराएवढी दिसतात. कोण हसतंय, कोण बुडतंय ते कळत नाही. नुसती मोजता येतात. आई मोजतच होती, ओठ हलत होते.

हे सगळं माझ्यामुळे, असं मला म्हणायचं होतं. गाडीत मी ते मनात दहा वेळा घोळवलं होतं. आता तिला कळणार नाही हे माहीत असल्यामुळेच की काय, तोंडातून निघालं. "आई, मीच सांगितलं होतं बाबांना. त्या वर्षी. तू पाण्यात गेली होतीस ते. तुला जाऊ द्यायला हवं होतं. मी हाक मारायला हवी होती, नाहीतर गप्प तरी बसायला हवं होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. ओळख होती नजरेत, पण शेजारणीला असते तितकीच.

"नाही हो," ती हळूच म्हणाली, परक्या बाईशी बोलावं तशी. "मुलगी भिजून आली होती. पाय कापलेला, थरथर कापत होती. आणि टॉवेल द्यायला मी नव्हते तिथे. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक." ती पिवळ्या टॉवेलची घडी पुन्हा सारखी करायला लागली. "हे काही बोलले नाहीत मला. त्यांनी वहीत लिहिलं, तेही मीच सांगितलं म्हणून. म्हटलं लिहून ठेवा, नाहीतर मी पुन्हा जाईन. फार छान होतं हो पाणी."

म्हणजे कंसही तिचाच. पंचेचाळीस वर्षं त्या प्रसंगात एक थंडीने कुडकुडणारी मुलगी होती आणि तिच्याजवळ नसलेली आई होती, एवढंच तिच्या लेखी झालं होतं. माझी चुगली तिच्या गोष्टीत नव्हतीच. मला वाटलं होतं मी काहीतरी फेडायला आलेय, आणि इथे माझ्या नावावर काही लिहिलेलंच नव्हतं. त्याने सुटका व्हायला हवी होती. झाली नाही, रडू आलं, आणि ते मी चष्मा पुसायच्या निमित्ताने आवरलं. माझ्या तळपायावर ती शिंपल्याची खूण अजून आहे. पण मी काही पाय वर करून दाखवला नाही.

मग ती माणसं आली. तिशीची एक बाई, तिचा नवरा, दोन मुली, सगळे निथळत. आपल्या चटईवर एक म्हातारी बसलेली पाहून बाई थबकली, तिने आधी पिशव्यांकडे पाहिलं, मला ते दिसलं, आणि मी उठून माफी मागायला वाकले. पण तेवढ्यात आईने धाकटीच्या खांद्यांवर टॉवेल टाकलाही होता आणि ती तिचे केस पुसत होती, भराभर, कानांमागे, मानेवर, जसे माझे पुसायची. मुलगी निमूट उभी राहिली. बाईचा चेहरा बदलला.

"आमचं सामान सांभाळत बसला होतात होय?" तिने कमरेतून वाकून नमस्कार केला. "आम्ही आपले सगळेच पळालो पाण्यात. फार उपकार झाले हो, आजी. तुमच्यामुळे निवांत पोहलो."

एका दमात म्हणून टाकलं तिने. दोन मिनिटांच्या ओळखीत. आम्ही तिघांनी मिळून चौदा उन्हाळ्यांत हे एकदाही म्हटलेलं नाही, हे मी अगदी खात्रीने सांगू शकते. आईलाही त्याचं काय करावं ते कळेना. "नाही नाही, मी नुसती बसले होते," ती म्हणाली, आणि मग, "पाणी कसं होतं?"

"गार!" धाकटी ओरडली. "आणि जेलीफिश होता! बाबा पळाले!"

"पळालो नाही, तुला बोलवायला आलो," नवरा म्हणाला. मग आईच्या बाजूला उकिडवा बसून तो थट्टेने म्हणाला, "आजी, आता पाळी तुमची. तुम्ही जा पाण्यात, आम्ही राखतो सगळं. एकही चप्पल हलू देणार नाही."

आई त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. बाबांपेक्षा तो दिसायला अगदी वेगळा, सावळा, ढेरी सुटलेला. "खरंच?" तिने विचारलं. "खरंच," तो म्हणाला, आता थट्टा न करता. आईने मोजे काढले. आधी उजवा, मग डावा, घडी केली, चपलेत ठेवले. तिची पावलं पांढरी होती, कधी ऊन न लागलेली. मी हात पुढे केला, तिने तो धरला, आणि आम्ही चालायला लागलो. वाळू तापलेली होती, ती एकेक पाऊल उचलून टाकत होती आणि प्रत्येक पावलाला 'आई गं' म्हणत होती, पण थांबत नव्हती. मोकळ्या हाताने तिने घागरा धरला होता, आत्तापासूनच. मी पावलं मोजत होते. पंधरा राहिली होती, दहा राहिली असतील. ओल्या वाळूचा पट्टा दिसत होता.

तेव्हा भोंगा वाजला. चार वाजले होते. मचाणावरच्या कर्ण्यातून बाईचा गोड आवाज आला, आजची पोहण्याची वेळ संपली आहे, सर्वांनी पाण्यातून बाहेर यावं, आपलं सामान तपासून घ्यावं, सहकार्याबद्दल आभार. पाण्यातले सगळे उठले. रबराची मगर, फुगे, मुलं, सगळा किनारा आमच्या अंगावर चालून यायला लागला, आणि आई जागच्या जागी उभी राहिली.

"चल ना आई. पायच तर बुडवायचेत. कुणी काही म्हणणार नाही."

"वेळ संपली," ती म्हणाली.

"पाच मिनिटं."

"वेळ संपली, बाई." मला समजावल्यासारखं म्हणाली. पन्नासहून जास्त वर्षं जिने मिनिटांच्या माणसाबरोबर संसार केला तिला मी काय सांगणार होते? मी तिला ओढू शकले असते. दहा पावलं. त्या दहा पावलांबद्दल मी शनिवारनंतर रोज विचार करते, आणि रोज वेगळं उत्तर येतं. लोक आमच्या दोन्ही बाजूंनी जात राहिले. मग तिने घागरा सोडला आणि आम्ही मागे वळलो. त्या कुटुंबाने तिच्या चपला आणून दिल्या. धाकटीने हात हलवला.

रस्त्यापाशी पाय धुवायचे नळ आहेत, गुडघ्याएवढे, ओळीने. तिच्या पावलांना कोरडी वाळू चिकटली होती. तिला खांदा धरायला दिला आणि मी वाकून नळ सोडला. पाणी घोट्यांवर पडलं तशी ती दचकली, मागे सरली, मग पाऊल पुढे केलं. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. माझ्या खांद्यावरचा तिचा हात हलायला लागला. मी वर पाहिलं तर ती हसत होती, आवाज न करता, खांदे हलवत. मी नळ बंद केला नाही. मागे रांग लागली होती, कुणीतरी घसा खाकरला, तरी केला नाही. बऱ्याच वेळाने तिनेच पाय बाजूला घेतला आणि एका पायावर उभी राहिली. "टॉवेल?" तिने विचारलं.

टॉवेल स्टेशनवरच्या लॉकरमध्ये होता. मी, शहाणी, काहीच आणलं नव्हतं. मी माझ्या सदऱ्याचं टोक ओढून तिचं पाऊल पुसायला लागले, ते काही नीट पुसलं जाईना. "नाही गं आई, टॉवेल नाही," मी म्हटलं.

"असू दे," ती म्हणाली. तिचा हात माझ्या केसांवर आला. "सामानाजवळ कुणी नसेल. टॉवेल देणारीपण गेली असेल जरा पाण्यात. जाऊ दे तिला." मग ती माझ्या कानाशी वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबांना नको हं सांगूस."

"नाही सांगत," मी म्हटलं.